बाजार उठण्याआधी किरायानामा लिहा

आम्ही बँकेत कारकून आहोत. घर पांढुर्ण्याला, नोकरी सौंसरला. वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून या दोन्ही गावांचा बाजार आम्ही पाहत आलो आहोत. खातेदाराची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा आमच्या नोकरीचा पहिला धडा. म्हणून पुढे ज्या माणसाविषयी लिहीत आहोत त्याचे नाव-गाव वाचकांनी विचारू नये. तशी गरजही नाही, कारण असा माणूस आपल्या प्रत्येक गल्लीत आहे.

साठीच्या आसपासचा एक किराणा दुकानदार कर्ज मागायला आला होता. वडिलांच्या काळापासून एकाच जागी दुकान. आता पोरगा हाताशी आला, तेव्हा रॅक लावावेत, फ्रीज घ्यावा, बिलाचे मशीन बसवावे, असा त्याचा विचार. साहेबांनी कागद मागितले. गुमास्ता निघाला. किरायानामा? नाही. किरायाच्या पावत्या? "मालक वहीत लिहून ठेवतात जी, आम्हाले कधी कामच नाही पडलं." विजेचे बिल? तेही मालकाच्या नावाचे. ज्या जागेवर दोन पिढ्यांचा संसार चालला, त्या जागेशी त्याचा संबंध दाखवणारा एकही कागद त्याच्याजवळ नव्हता. मागितले होते त्याच्या निम्मेही कर्ज मंजूर झाले नाही.

त्याच महिन्यात एका साखळी दुकानाचा माणूस चालू खाते उघडायला आला. साखळी दुकान म्हणजे एकाच नावाची, एकाच पाटीची, शंभर गावांत शंभर दुकाने काढणारी कंपनी. त्याच्या हातात फाईल होती. नऊ वर्षांचा रजिस्टर केलेला लीज, जीएसटीचा दाखला, कंपनीचा ठराव, सही करणाऱ्याचे अधिकारपत्र, सगळे क्रमाने लावलेले. दुकान अजून उघडायचे होते, शटरही बसले नव्हते, पण कागदावर तो नऊ वर्षांसाठी आपल्या बाजारात बसून मोकळा झाला होता.

आपल्या बाजाराचे पुढे काय होणार, यावर चौकात आणि चहाच्या टपरीवर पुष्कळ बोलले जाते. आम्हाला त्याचे उत्तर त्या एका महिन्यात टेबलावर दिसले. म्हणून हा लेख.

जिल्हा आला, आता बाजार बदलणार

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या निघाल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश संपला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला हा मराठी मुलूख भोपाळकडे राहिला. तेव्हापासून जिल्ह्याच्या प्रत्येक कामासाठी आपल्या वाडवडिलांनी छिंदवाड्याच्या फेऱ्या मारल्या. त्या थांबल्या, याचा आनंद आपण पेढे वाटून साजरा केला, आणि तो रास्तच होता.

परंतु जिल्हा म्हणजे नुसती पाटी नव्हे. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या येतात, बदलीवर येणारे अधिकारी-कर्मचारी येतात, क्वार्टर बांधली जातात, रस्ते रुंद होतात. पांढुर्णा नागपूर-भोपाळ हायवेवर आणि नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर आहे. सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे, आणि २०१५ ला छोटी लाईन बंद पडल्यानंतर तेथे आता मोठी लाईन झाली आहे. शेजारी बोरगावचे औद्योगिक क्षेत्र, त्यात रेमंडसारखा कारखाना. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे घर वाढते आहे. साखळी दुकानवाले गाव निवडताना नेमकी हीच घरे मोजतात. २०११ च्या जनगणनेत पांढुर्णा शहराची लोकसंख्या ४५ हजारांच्या आसपास होती. एवढ्या गावाकडे पूर्वी कोणती मोठी कंपनी ढुंकून पाहत नव्हती. आज विशाल मेगा मार्ट, व्ही-मार्ट यांसारख्या कंपन्यांनी आपला धंदाच लहान शहरांच्या भरवशावर उभा केला आहे.

तेव्हा जुन्या बाजारपेठेचा 'विकास' हा शब्द आपल्या कानावर वारंवार पडणार, हे धरून चालावे. रस्ता रुंद करणे, जुने गाळे पाडून संकुल बांधणे, पार्किंग काढणे, ठेले हटवणे. यातले काहीच होऊ नये असे आम्ही म्हणत नाही. ज्याला तसे वाटते त्याने पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लहान लेकराचा हात धरून जुन्या बाजारातून चालून दाखवावे. नाली उघडी, मोटारसायकली आडव्या, आणि खेड्यावरून बाजाराला आलेल्या बाईमाणसाला दिवसभरात जाण्यासारखे स्वच्छतागृह शोधून सापडत नाही. बाजार सुधारला पाहिजे. प्रश्न एवढाच, की सुधारलेल्या बाजारात बसणार कोण?

साखळी दुकानाला शिव्या देऊन भागत नाही

आपल्यापैकी पुष्कळ जण सभेत स्थानिक व्यापाऱ्याच्या नावाने टाळ्या घेतात आणि रविवारी घरच्यांना घेऊन नागपूरला मॉलमध्ये जातात. आम्हीही जातो, खोटे कशाला बोला? तेथे भाव लिहिलेला असतो, बिल मिळते, कपडा पसंत पडला नाही तर कपाळाला आठी न घालता परत घेतात. आपल्या बायका-मुलींना दहा वस्तू हाताळून एकही न घेता बाहेर पडता येते. गावातल्या दुकानात तसे केले तर दुकानदार काय बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. साखळी दुकानात गावच्या पोरा-पोरींना नोकरीही लागते. हे सगळे खरे आहे.

साखळीला माल स्वस्त का पडतो, हेही समजून घ्यावे. कंपनीकडून ती ट्रकच्या ट्रक थेट उचलते. आपल्या दुकानदारापर्यंत तोच माल वितरकामार्फत, दोन ठिकाणी नफा देऊन येतो. म्हणजे आपला दुकानदार लुच्चा आहे म्हणून महाग विकतो असे नाही. तो एकटा खरेदी करतो म्हणून महाग घेतो.

तरीसुद्धा आपला दुकानदार राहिला पाहिजे असे आम्ही म्हणतो, ते भावनेपोटी नव्हे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत, हिशेबानेच बोलतो.

आपला मुलूख संत्र्याचा आणि कापसाचा. आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या मागे-पुढे येतो, मृग बहाराचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधल्या महिन्यांत शेतकऱ्याच्या घरात चूल पेटते ती किराणा दुकानदाराच्या वहीवर. पोळ्याला बैलांचा साज, मुलांचे शाळेचे कपडे, बी-बियाणे, लग्नाचा बस्ता, सगळे उधारीवर आणि चुकता बहारावर. बँकेत याला कॅश क्रेडिट म्हणतात. त्यासाठी सातबारा लागत नाही, जामीनदार लागत नाही, गारपीट झाली तर दुकानदार पुढच्या बहारापर्यंत थांबतो. त्याचे दोन रुपये तो भावात काढून घेतो, हेही आम्हाला माहीत आहे. पण साखळी दुकानाच्या काउंटरवरची पोरगी चार आण्यांची उधारी लिहू शकत नाही. तो तिचा दोष नाही, तिला तो अधिकारच नाही. म्हणून बाजारातले एक जुने दुकान उठते तेव्हा त्याच्याबरोबर पन्नास-शंभर घरांची उधारी उठते. हा आकडा कोणत्याही विकास आराखड्यात लिहिलेला नसतो.

दुसरे असे, की साखळी पक्की दिसते तेवढी पक्की नसते. चेन्नईहून निघालेल्या 'सुभिक्षा' या कंपनीची देशभर सुमारे १६०० दुकाने होती. २००९ च्या सुरुवातीला ती बघता बघता बंद पडली. पगार थकले, किराये थकले. 'बिग बझार' तर आपण सगळ्यांनी नागपुरात पाहिलेले. २००१ मध्ये सुरू झालेले हे नाव २०२२ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली संपले. मोठ्या शहरात एक गेले तर दुसरे येते. आपल्यासारख्या गावात आधी चाळीस लहान दुकाने उठली आणि मागून ते मोठे दुकानही उठले, तर बाजार राहील कोठे?

बाजार कागदावर कसा हरतो आणि कसा जिंकतो

दुसऱ्यांच्या गावात काय झाले ते पाहिले म्हणजे आपला मार्ग सापडतो. पहिला दाखला मुंबईच्या गिरणगावचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात ठरले होते की गिरणीची जमीन विकसित करताना तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावेत: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता, बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. वाचायला अगदी लहानसा बदल. पण त्यामुळे लोकांच्या वाट्याची जमीन आटून गेली. प्रकरण कोर्टात गेले, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, पण निकाल लागला तो नियमातल्या एका ओळीवर.

दुसरा दाखला त्याच मुंबईच्या भेंडी बाजाराचा. तेथे दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ पासून सुमारे १६.५ एकरांचा पुनर्विकास हाती घेतला. सुमारे ३२०० कुटुंबे आणि १२५० दुकाने. जुन्या किरायेदाराला, दुकानदारालासुद्धा, नव्या इमारतीत मालकीची जागा द्यायची, असे आरंभीच कागदावर ठरले. काम सावकाश झाले, पहिल्या टप्प्यालाच दहा वर्षांच्या वर लागली, त्रास झाला. पण कोणाची जागा किती आणि परत कोठे मिळणार, याची यादी पाडापाडीच्या आधी झाली होती.

तिसरा दाखला आपल्याच राज्यातला, इंदूरच्या छप्पन दुकानचा. २०२० च्या आरंभी स्मार्ट सिटीतून तेथील रस्ता वाहनांना बंद झाला, फरसबंदी झाली, बसायला बाके आली, पाट्या एकसारख्या झाल्या. ५६ दिवसांत काम केल्याचा गाजावाजा झाला. आमच्या मते खरी गोष्ट वेगळी आहे. काम संपल्यावर त्याच जागी तेच दुकानदार बसले. रस्ता बदलला, दुकानदार बदलले नाहीत, आणि गिऱ्हाईक वाढले.

कायदा कोणाच्या बाजूला आहे?

आता आपल्याकडे या. आपल्या बाजारातले बहुतेक व्यवहार तोंडी आहेत, किंवा मग ती प्रसिद्ध अकरा महिन्यांची चिठ्ठी. अकरा महिने का? कारण एक वर्षाच्या वरचा किरायानामा रजिस्टर करावा लागतो, आणि रजिस्ट्रीचा खर्च कोणालाच नको असतो. वर्षाच्या वरचा करार रजिस्टर केला नसेल, तर कायद्याच्या नजरेत दुकानाचा किराया हा महिन्या-महिन्याचा असतो, आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे तो पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. दोन पिढ्यांचे दुकान आणि पंधरा दिवसांची नोटीस!

यावर किरायेदाराला आधार म्हणून आपल्या राज्याने १९६१ मध्ये स्थान नियंत्रण कायदा केला. कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय काढता येत नाही. इमारत पाडून नवी बांधण्यासाठी जागा रिकामी करून घेतली, तर नव्या बांधकामात परत जागा हवी असे किरायेदाराला न्यायालयात सांगता येते. परंतु हा आधार घ्यायला आपण किरायेदार आहोत हे आधी सिद्ध करावे लागते. पावती नाही, करार नाही, बिल नाही, तर सिद्ध कशाने करणार? आणि चार लोकांच्या समजावणीवरून, "नवं बांधलं की तुलेच देऊ" या शब्दावर दुकान खाली केले, की पुढे दाद मागायला हाती काही उरत नाही.

नगरपालिकेच्या गाळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. स्थानिक संस्थेच्या मालकीच्या व्यापारी जागेला तो १९६१ चा कायदा लागूच नाही. तेथे सगळा भार पट्ट्यावर आणि त्यातील अटींवर. मूळ पट्टा आजोबांच्या नावाचा, बसतो नातू, मध्ये नामांतरण झालेच नाही, असे कितीतरी गाळे असतील. ते आजच दुरुस्त करून घ्यावेत.

राहिले ठेलेवाले आणि आठवडी बाजारात खाली बसणारे. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. गावाच्या विक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद स्वतः विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्या पारंपरिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथून विक्रेत्यांना हलवू नये, असे त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. आपली गुजरी आणि आपला आठवडी बाजार पन्नास वर्षांचा आहे, हे सांगायला म्हातारी माणसे हजर आहेत. पण सांगणे पुरत नाही. जुन्या बाजार बैठकीच्या पावत्या, पालिकेच्या जुन्या लिलावाच्या नोंदी शोधून अर्जाला जोडाव्या लागतील. आपल्या पुष्कळ घरांत १९५६ च्या आधीचे मराठी कागद पेटीच्या तळाशी पडले आहेत. ते वाळवीच्या तोंडी देऊ नका.

आता आपल्या घरातली गोष्ट

येथवर वाचताना वाचकांना वाटले असेल की हा लेख दुकानदारांसाठी आहे. तसे नाही. तो आपल्यासाठी आहे. कारण बाजारातल्या जुन्या वाड्यांचे मालक आपणच आहोत. दुकानदार कोणत्याही समाजाचा असो, शटरच्या वरच्या माडीवर बहुधा आपल्यापैकीच कोणाचे तरी घर आहे. साखळी दुकान नगरपालिकेच्या दारातून येत नाही, ते आपल्या बैठकीतून येते. त्यांचा दलाल आधी आपल्याकडे चहा प्यायला येतो.

आमच्या घरी तो येऊन गेला. आमचा सामायिक वाडा, समोर दोन दुकाने. एकात शिंपी, दुसऱ्यात स्टेशनरी. दोघेही वडिलांनी बसवलेले. दोघांचा मिळून किराया महिना सात हजार. दलालाने मागची पडवी धरून सगळ्या समोरच्या भागाचे पंचवीस सांगितले, दर तीन वर्षांनी वाढ वेगळी. पुण्याच्या धाकट्या भावाचे म्हणणे, "दादा, देऊन टाका. आपण काय धर्मशाळा काढली आहे का?" त्याचे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. वाड्याचे छत गळते, आईचे औषधपाणी आहे, आणि अठरा हजारांचा फरक कारकुनाच्या घरात लहान नसतो.

शेवटी वहिनी-भावजया सगळे बसून ठरले ते असे. दोन्ही दुकानदारांशी पाच वर्षांचा किरायानामा रजिस्टर केला. किराया दोघांचा मिळून बारा हजारांवर नेला, दरवर्षी थोडी वाढ लिहिली, आणि वाडा पाडून बांधला तर तळमजल्यावर तेवढीच जागा दोघांना परत द्यायची, असे कलम घातले. शिंपीभाऊ सही करताना म्हणाले, "तुमच्या बाबूजींनी तर नुस्ता शब्द देल्ला होता." शब्दाला आम्ही कमी लेखत नाही. पण शब्द देणारे बाबूजी गेले, आणि शब्द घेणाऱ्याचेही वय झाले. पुढच्या पिढीला शब्द वारशाने मिळत नाही, कागद मिळतो.

पैसे आम्ही सोडले, हे खरे. पंचवीसच्या जागी बारा. यात आम्ही फार मोठा त्याग केला असे नाही. दलालाचे पंचवीस किती वर्षे चालतील, याचा हिशेब सुभिक्षाच्या घरमालकांना विचारावा. आणि प्रत्येकाने आमच्यासारखेच करावे असा आग्रहही नाही. कोणाच्या घरात लग्न आहे, कोणाच्या घरात आजारपण. आमचे म्हणणे एवढेच, की साखळीच्या दलालाला हो म्हणण्याआधी आपल्या जुन्या किरायेदाराला एकदा बोलवावे, त्याला नवा भाव सांगावा आणि जे ठरेल ते रजिस्टर करावे. त्याने नाही म्हटले तर पुढचा मार्ग मोकळा. विचारलेच नाही, असे मात्र होऊ नये.

दुकानदारांना चार शब्द

दुकानदार बंधूंनीही रागावू नये. मालकाला वाढीव किराया नको, बिल द्यायला नको, कागदावर यायला नको आणि बाजार मात्र वाचला पाहिजे, असे चालणार नाही. २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि ठोक व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी करता येते आणि त्यामुळे बँकेच्या प्राधान्य कर्जाच्या यादीत बसता येते. ती नोंदणी फुकट होते. मुद्रा कर्जात शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत. तरुण कर्ज नीट फेडलेल्याला २०२४ पासून २० लाखांपर्यंत मर्यादा वाढली. ठेलेवाल्यांसाठी २०२० पासून स्वनिधी आहे. २०२५ च्या बदलानंतर त्यातला पहिला हप्ता १५ हजारांचा, पुढे २५ आणि ५० हजार. पण या सगळ्याला खात्यावर उलाढाल दिसावी लागते. गल्ल्यातला पैसा गल्ल्यातच राहिला तर बँकेला तुमचा धंदा कसा दिसणार?

आणि एकट्याने महाग घेण्यापेक्षा दहा जणांनी मिळून घ्यावे. मुंबईच्या नायगावात कामगारांनी १९४८ मध्ये अपना बाजार काढला, कोल्हापूरकडे वारणा बाजार उभा राहिला. तेही साखळी दुकानेच आहेत, पण मालकी सभासदांची. सहकार आपल्या रक्तात आहे असे आपण भाषणात म्हणतो. दहा किराणा दुकानदारांनी साखर-तेल-डाळ एकत्र उचलण्यापासून सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मत मागायला येतील तेव्हा

मागची पालिका निवडणूक २०२२ मध्ये झाली. पाच वर्षांच्या हिशेबाने पुढची दारात आहे. झेंडा कोणताही असो, उमेदवार ओट्यावर बसला की त्याला पाच गोष्टी विचाराव्यात.

एक, बाजारात एकही वीट पाडण्याआधी तेथे बसणाऱ्या प्रत्येक दुकानदाराची आणि ठेलेवाल्याची यादी हिंदी आणि मराठीत पालिकेच्या फलकावर लागेल काय?

दोन, नव्या संकुलात पहिला हक्क त्या यादीतील माणसाला, आणि तोही तळमजल्यावर, मिळेल काय? वरच्या मजल्यावरचा गाळा म्हणजे कापडवाल्याला हद्दपारीच.

तीन, पोळा ते दिवाळी आणि लग्नसराई सोडून काम होईल काय, आणि तोवर बसायला पर्यायी जागा आधी मिळेल काय?

चार, गुजरी आणि आठवडी बाजार २०१४ च्या कायद्याने वारसा बाजार म्हणून जाहीर करण्याचा ठराव आणाल काय?

पाच, मोठ्या साखळी दुकानाला स्वतःचे पार्किंग असल्याशिवाय जुन्या बाजारात जागा नाही, हायवेच्या बाजूला खुशाल यावे, असा नियम विकास योजनेत घालाल काय? हे काही जगावेगळे नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने २००४ मध्ये साखळी दुकानांसाठी नियम केला, की ज्या कंपनीची अकरा किंवा अधिक दुकाने आहेत तिला ठरावीक वस्त्यांत दुकान काढण्याआधी खास परवानगी घ्यावी लागेल आणि शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकले जाईल. सरसकट बंदी नाही, पण विचारून या. आपल्या राज्यातही १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याने विकास योजनेच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत आपले मंडळ झोपून राहिले, तर नंतर निवेदन देऊन फोटो काढण्यात अर्थ नाही.

हा मराठी विरुद्ध हिंदी असा वाद नाही, हेही स्पष्ट लिहितो. ज्या किराणावाल्याच्या वहीवर आपल्या तीन पिढ्या जेवल्या तो घरी कोणती भाषा बोलतो, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. तो आपल्या बाजारातला माणूस आहे, एवढे पुरे.

मंडळाने येत्या महिन्यात एक साधे शिबिर घ्यावे: एका बाजूला घरमालक, एका बाजूला किरायेदार, मध्ये एक वकील आणि एक अर्जनवीस. किरायानाम्याचा मसुदा, नामांतरणाचा अर्ज, उद्यमची नोंदणी, सगळे एका दिवसात. फॉर्म भरायला आम्ही रविवारी सकाळपासून बसायला तयार आहोत. चहा मंडळाने पाजावा. आणि वाचकांनी येताना पेटीतले जुने कागद घेऊन यावेत.